पोटझाकणीची साडी

“ही नको. हिच्यात काही जीव नाही. जरा गर्द रंग काढा,” ललिताबाई म्हणाल्या आणि सेल्समननं गादीवर आणखी एक घडी उलगडली.

सुभद्रा या होणाऱ्या विहिणीच्या बाजूला अंग चोरून बसली होती. एसीतही तिच्या पाठीला घाम फुटला होता. अमरावतीतलं एवढं मोठं दुकान, समोर थंडगार सरबत, आणि घशाखाली घोट उतरेल तर शपथ.

साडी तिच्यासाठीच होती. लेकीच्या लग्नात वराकडची मंडळी नवरीच्या आईला देतात ती, पोटझाकणीची. ज्या पोटात नवरी वाढली, त्या पोटाचा मान. आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं. वर्षाली सुभद्राच्या पोटची नव्हती.

हे तिला आणि तिच्या नवऱ्याला, खुशालरावांना, तेवढं ठाऊक होतं. वर्षालीलाही माहीत नव्हतं. सकाळी वलगावहून निघताना खुशालरावांनी बजावलं होतं, “तोंड बंद ठेवजो. ईनबाईले समजलं त लग्न मोडंल, अन् काहून मोडलं ते पोरीले सांगा लागंल. मंग पोरगी आपली राहीन का?”

तेव्हापासून सुभद्राचा जीव थाऱ्यावर नव्हता. लग्नाचं काय, एक मोडलं तर दुसरं जमेल. पोर हातची गेली तर कुठून आणायची?

“वर्षालीच्या वक्ती टाके पडले होते का तुमाले?” साडीवरची नजर न काढता ललिताबाईंनी विचारलं.

सुभद्रानं पदर सावरला. “न... नाही. साधंच झालं.”

“कुठं? इथंच, अमरावतीत?”

“इथंच.”

“बरं.” ललिताबाईंनी जांभळी साडी स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “त्रास तर झालाच असंल. बाईचा जन्म, दुसरं काय!”

अगं बाई, ही काहून एवढं खोदून राहिली? कोणी कान तर भरले नसतील? पण सुभद्रानं कितीही आठवून पाहिलं तरी विहिणीत खोट म्हणून सापडेना. वयानं तिच्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी लहान, पण मन मोठं. अकोल्याहून स्वतः स्थळ घेऊन आली होती. पत्रिका नको म्हणाली, हुंड्याचं नाव काढू दिलं नाही, पोरीला माय होऊन सांभाळीन म्हणाली. हट्ट धरला तो फक्त या एका साडीचा. नवरदेव कुलदीप तिचा सावत्र मुलगा. तेही तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. “मी या घरात आली तवा हा पाच वर्साचा होता. पोटचा नाही, पण कोणी म्हणून त दाखवावं!”

किती सहज बोलली होती बाई! सुभद्राला तेव्हाच वाटलं होतं, आपणही सांगून मोकळं व्हावं. पण कुलदीपचं सगळ्या अकोल्याला माहीत होतं. परतवाड्याचा तो दवाखाना कोणालाच माहीत नव्हता.

लांबलचक वऱ्हांडा. हिरवा पडदा. नर्सनं हातात दिलेलं उबदार गाठोडं. पडद्यामागं बाळंतीण होती. लग्न न झालेली कोवळी पोर, एवढंच सुभद्राला कळलं होतं. “झोपली आहे ती. जाग यायच्या आत निघा,” नर्स म्हणाली होती. सुभद्रा निघाली कसली, पळालीच. पुढं कितीतरी वर्षं बाजारात एखादी बाई वर्षालीकडं टक लावून पाहू लागली की ती पोरीचा हात धरून सरळ चालू पडायची.

“तुमचं माहेर कोणतं म्हणलं तुमी?” विषय बदलावा म्हणून तिनं विचारलं.

“आता कुठलं माहेर, ईनबाई! त्याईनं कवाच नाव टाकलं माहं,” ललिताबाई म्हणाल्या आणि सेल्समनकडं वळल्या. “हेच जांभळी बांधा.”

बाहेर उन्हानं डोळे दिपत होते. दोघी समोरच्या रसवंतीत टेकल्या. ललिताबाईंनी साडीची पिशवी सुभद्राच्या मांडीवर ठेवली.

“मांडवात ओटी भरून देईनच. पण आज एकडाव हात लावून पाहा.”

सुभद्रानं हात लावला आणि लगेच मागं घेतला. मानाची साडी, तीही खोट्या पोटावर नेसायची. देवाला काय डोळे नाहीत? त्यानं उद्या पोरीच्या संसारावर सूड उगवला म्हणजे? तिला राहवेना.

“ईनबाई, हे मले नका देऊ.” शब्द तोंडातून निघून गेले होते. “वर्षाली माह्या पोटची नाही.”

ललिताबाईंनी पिशवी सुभद्राच्या मांडीवरून हळूच उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.

झालं! सुभद्रानं हात जोडले. “पाया पडतो तुमच्या. लग्न मोडाचं त मोडा, पण पोरीले सांगू नका. तिच्याबिगर मले कोणी नाही हो.”

“लग्न कायले मोडू?” ललिताबाईंचा आवाज शांत होता. पिशवीवरून त्यांचा हात फिरत होता. “वर्षाली माह्या घरी येईन म्हणजे येईन. माय होऊन सांभाळीन, म्हणलं होतं ना तुमाले?”

सुभद्राचा जीव भांड्यात पडला. तिनं पदरानं डोळे पुसले, रसाचा ग्लास ओठाला लावला. कधी नव्हे ते घोट सुखानं खाली उतरला.

“तुमाले राग नाही आला? मी खोटं बोलली तुमच्यासंग.”

“खोटं त ते नर्सही बोलली होती तुमच्यासंग,” ललिताबाई म्हणाल्या. “हिरव्या पडद्यामागं मी झोपली नव्हती.”