फोटोपुरतं टेबल

भूल दिलेल्या बोकडाच्या फुफ्फुसातला रक्तदाब पडद्यावर छान दिसत होता. शाल्मलीची पीएचडी याच बोकडावर अडली होती.

“फोटोत मी दिसतच नाही गं,” म्हणत बुटक्या गाईडसरांनी टेबल खाली घेतलं. दाब मोजणारं यंत्र मात्र स्टँडवर वरच राहिलं. यंत्र छातीपेक्षा वर असलं की दाब उगाच कमी दिसतो. आकडा धाडकन घसरला.

“अगं, हा चालला!”

“सर, टेबल...”

“टेबलाचं काय घेऊन बसलीस?” सरांनी दाब वाढवायचं इंजेक्शन टोचलं. मग आणखी एक. आकडा जागेवर आला. “वाचवला की नाही?”

शाल्मलीने घाईघाईने यंत्र छातीच्या पातळीत आणलं. खरा दाब दुप्पट निघाला. बोकडाचं हृदय फडफडलं आणि थांबलं.

“बघ,” सर म्हणाले, “चांगला होता. तू हात लावलास.”