स्वच्छ नळ्यांची भानगड

"आता जंतूंनीसुद्धा संप केला म्हणायचा," ताई काचेच्या नळीत डोळा घालून पुटपुटली.

प्रयोगशाळेतल्या शेजारच्या टेबलावरून तिच्यासोबत शिकणाऱ्या उंच्याने मान वळवली. "किती नळ्या?"

"बाराच्या बारा. लख्ख."

बातमी आनंदाची होती, पण अर्धीच. सहा नळ्यांत ताईने आपलं औषध घातलं होतं. एक जंतू स्वतःच्या पोटापाण्यासाठी साबणासारखा पदार्थ बनवतो, तेच हे औषध. दुसरे जंतू काचेला चिकटून जो बुळबुळीत थर धरतात, तो याने सुटतो, हा तिचा चार वर्षांचा प्रबंध. त्या सहा नळ्या लख्खच हव्या होत्या. उरलेल्या सहांत नुसते जंतू होते, औषधाचा थेंब नाही. तिथे थर धरायला हवा होता, आणि जांभळा रंग घातल्यावर तो डोळ्यांत भरायला हवा होता. औषध न घेताच रोगी बरा होत असेल तर वैद्याला विचारतो कोण? आणि परीक्षक उद्या दुपारी येणार होते.

"तू नळ्या विसळल्या होत्यास ना?" ताईने विचारलं.

"मी? मला वाटलं, तू."

दोघांनी एकदमच बेसिनकडे पाहिलं.

तिथे मावशी नळ्यांना ब्रश मारत होत्या. तीस वर्षं इथल्या नळ्या त्याच धूत आल्या होत्या. विभागाचे सर विद्यार्थी असताना त्यांच्याही धुतल्या, आणि एक फोडली म्हणून त्यांना कान धरायला लावला. वर्षभरापूर्वी मावशींच्या नळ्यांना साबण राहू लागला, आणि साबणाच्या नळीत जंतूंचा थर कसला धरणार? हल्ली तर जास्तच. डोळे अधू झाले असतील, असं प्रत्येकाने मनाशी म्हटलं. पण सांगायचं कुणी? मग मावशी चहाला गेल्या की जो तो आपल्या नळ्या घेऊन नळापाशी. सर म्हणायचे, हात धुतोय. रोज वीस मिनिटं हात धुणारा दुसरा माणूस उंच्याने पाहिला नव्हता.

ताई बारा नळ्या घेऊन सरांच्या खोलीत गेली. सरांनी त्या उजेडात धरल्या आणि हळूच खाली ठेवल्या.

"आठवडाभराची मुदत मागू. आजारी होतो म्हणू."

"कोण आजारी होतं, सर?"

"ते ठरवू."

"आणि मावशींना?"

"चार महिन्यांनी निवृत्त होताहेत त्या. तोवर विसळायचं, त्यात काय एवढं."

ताईने नळ्या उचलल्या आणि तडक बेसिनपाशी गेली.

"मावशी, रागवू नका. तुमच्या नळ्यांना साबण राहतो. वर्ष झालं, आम्ही सगळे चोरून पुन्हा विसळतो."

ब्रश थांबला. उंच्या टेबलावरच्या रिकाम्या सूक्ष्मदर्शकात मन लावून पाहू लागला. मागोमाग आलेले सर दारातच थबकले.

"चोरून कशाला?" मावशी म्हणाल्या. "गार पाण्याने माझी बोटं आखडतात, म्हणून विसळायचं काम पोरांनी आपणहून वाटून घेतलं, असं मी घरीदारी कौतुकाने सांगते. वर्ष झालं, मी नुसता साबण लावून ठेवते."