ओमाच्या वडिलांचं नाव

बाळाला आत्या नव्हती. म्हणून बारशाला त्याच्या कानात नाव सांगायचा मान मालविकानं तिच्या जर्मन नवऱ्याच्या आजीला, ओमाला दिला. नावही ओमाच्या वडिलांचंच ठरलं होतं. ते दुसऱ्या महायुद्धातले जर्मन जनरल. शत्रूला शरण गेले, पण जर्मनीतलं हे गाव बेचिराख होऊ दिलं नाही, असं घरात सगळे अभिमानानं सांगत.

ओमा पाळण्यावर वाकली आणि तशीच थांबली.

"सांगा ना, ओमा. सगळे खोळंबलेत."

"हे नाव नको गं याला."

"अहो, पण त्यांच्यामुळेच तर गाव वाचलं!"

ओमानं बाळाच्या कानावर अलगद हात ठेवला.

"ते शरण गेले नव्हते, मालविका. शत्रूच्या हाती लागण्याआधी गाव पेटवून द्या, असा हुकूम द्यायला निघाले होते. वाटेत पकडले गेले, म्हणून गाव वाचलं."