शेवटचं ‘येतो’

“वाच न माय, काय म्हणते आमचा साहेब?” उकंडानं चपला दाराबाहेर काढल्या. कळंबच्या त्या कॉम्प्युटर क्लासात चपला काढून येणारा तो एकटाच.

“जय भीम, काका. बसा.” साधनानं स्क्रीन आपल्याकडे वळवली. “आत्ताच आली सूचना.”

सूचना लिनक्सची. कॉम्प्युटर चालवणारी ही फुकट मिळणारी प्रणाली. तिच्यात काही दुरुस्ती झाली की जगभर कळवावं लागतं. मराठीतली सूचना निघायची ती प्रफुल्लच्या नावानं. प्रफुल्ल उकंडाचा मुलगा. पूर्वी याच क्लासात शिकवायचा आणि रिकाम्या वेळी सूचना लिहायचा, तीही फुकटात. त्याच्या मशीनवर आता साधना बसायची.

कापसाचे भाव पडले, सरकी काढणारी जिनिंग गिरणी थंडावली, तिथलं उकंडाचं काम गेलं, तेव्हा बाप तडकला. “घरात चूल पेटत नाही, आन् तू जगाची फुकट चाकरी करून राह्यला?”

प्रफुल्लनं पिशवी उचलली. “जातो,” म्हणाला.

घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हणतं का हो? ‘येतो’ म्हणतात. तो शब्द उकंडाच्या काळजात रुतला तो रुतलाच. पोराचा ना फोन, ना पत्ता. बापानं अन्न सोडायचंच बाकी ठेवलं होतं. मग एक दिवस साधनाचा निरोप आला, “काका, प्रफुल्लच्या सूचना पुन्हा सुरू झाल्या. ऐकायला या.”

“छपाईच्या भागात कीड सापडली आहे,” साधना वाचू लागली. “सर्वांनी नवीन आवृत्ती घ्यावी.”

“तिकडंबी कीड?” उकंडा हळहळला. “फवारा म्हणा लवकर!”

साधना हसली.

“आन् शेवटचं?”

“शेवटी नेहमीचंच. ‘येतो. प्रफुल्ल.’”

उकंडानं गमछ्यानं डोळे पुसले. “येऊ दे बाप्पा. आता मी त्याले एक शब्द बोलणार नाही.”

साधनाला भरून आलं. “काका, नाहीच आला तर?”

“असं काहून म्हणतं माय? साऱ्या जगापुढं लिहून देल्लं त्यानं.”

दाराशी कोणीतरी थबकलं. बाहेरच्या चपलांकडे बराच वेळ पाहत राहिलं. मग शेजारी आपल्याही काढून प्रफुल्ल आत आला, वाळलेला, दाढी वाढलेला. बापाकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

“साधना,” तो म्हणाला, “माह्या नावानं हे ‘येतो’ कोण लिहून राह्यलं?”