आठवड्यातून दोन सकाळी

बॅकअपची डिस्क भट्टीच्या माथ्यावर सापडली, आणि सगळा कारखाना भट्टीभोवती जमला.

कृत्रिम दात बनवणाऱ्या त्या कारखान्यात प्लास्टरची पूड कुठे बसत नाही? चहात बसते, भुवयांत बसते, कीबोर्डात तर घर करून राहते. भट्टीवरची फळी तेवढी स्वच्छ असते, म्हणून ताईने लांब वायर ओढून डिस्क तिथे जपून ठेवली होती. दीड वर्ष ती डिस्क रोज शेकून निघाली. मुख्य कॉम्प्युटरला पूड लागू नये म्हणून ताईने त्याला प्लास्टिकचा अंगरखाही शिवला होता, हवेची जाळी झाकणारा. कॉम्प्युटर बिचारा आज सकाळी गुदमरून बंद पडला.

आत एकवीस जणांच्या जबड्यांची मापं अडकली. दवाखान्यांचे फोन सुरू झाले. एक गृहस्थ तर सहा दिवस तोंडावर रुमाल धरून हिंडत होते, त्यांचे समोरचे दात आज मिळायचे होते.

ताई ही मालकाची थोरली बहीण. हा धंदा मालकाला शिकवला तो तिनेच. समोरचे दात हाताने रंगवावेत तर ताईनेच. खरा कुठला आणि खोटा कुठला, दाताच्या डॉक्टरांनाही कळायचं नाही. अशा बाईला मालकाने तीन वर्षांपूर्वी ब्रशच्या टेबलावरून उठवलं आणि कॉम्प्युटरपाशी नेऊन बसवलं. म्हणे, वेगळा माणूस कशाला हवा? मालक चिक्कू आहे यावर तेव्हापासून कारखान्यात दुमत नव्हतं.

ताईला मात्र हायसं वाटलं होतं. तिचा उजवा हात थरथरायला लागला होता. दाताच्या कडेला केसाएवढी रेघ ओढायची तर हात दगडासारखा स्थिर लागतो. कीबोर्डाला थरथर कळत नाही. एक अक्षर दोनदा पडलं तर खोडता येतं. कप डाव्या हाताने धरायची सवय तिने लावून घेतली होती. तिने कुणाला, अगदी सख्ख्या भावालाही, काही सांगितलं नव्हतं. ही खुर्ची गेली तर परत ब्रश हातात येणार, आणि मग दहा जणांसमोर सगळं उघडं पडणार, ही भीती तिला कायम असायची.

एका दवाखान्याने पाठवलेल्या कॉम्प्युटरवाल्या बाई दहा वाजता आल्या. त्यांनी आधी तो अंगरखा काढला, मग दुपारपर्यंत मान वर केली नाही. एकवीसपैकी एकोणीस जबडे सुखरूप बाहेर काढले.

"हे नशीब समजा," त्या हात पुसत मालकाला म्हणाल्या. "तुमचा व्याप काही पूर्णवेळ माणूस ठेवण्याएवढा नाही. पण आठवड्यातून दोन सकाळी कोणीतरी येऊन बघायला हवं. मी येईन, नाहीतर दुसरं कुणी शोधा."

"असा माणूस नेमका कधी ठेवायचा असतो हो बाई?" साचे ओतणाऱ्याने मुद्दाम मालकाकडे बघत विचारलं. त्याची जीभ जरा तिखटच.

"हाताखालचं चांगलं माणूस आपलं काम सोडून कॉम्प्युटरशी झटायला लागलं ना, की त्याच दिवशी."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने कीबोर्डाकडे पाहिलं.

"काही गरज नाही," मालक म्हणाला. "आमची ताई आहे."

साचे ओतणाऱ्याने कपाळाला हात लावला. कॉम्प्युटरवाल्या बाईंनी बॅग आवरायला घेतली. ताईला काही बोलायची गरजच नव्हती. नुसतं गप्प राहिलं तरी खुर्ची वाचत होती.

न सापडलेल्या दोन जबड्यांसाठी दवाखान्यांना फोन मात्र तिलाच करायचा होता. त्यातला एक नेमका रुमालवाल्या गृहस्थांचा निघाला. ते दात बसवायला दवाखान्यात येऊन बसलेच होते. पुन्हा माप द्यावं लागेल, अजून आठवडा जाईल, असं डॉक्टर त्यांना सांगत होते ते ताईला फोनमधून ऐकू आलं. ते गृहस्थ चिडले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले, तेही रुमालाआडून.

ताईने फोन ठेवला. कॉम्प्युटरवाल्या बाईंना "जरा थांबा हं" म्हणाली आणि मालकाच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

"बाईंना ठेवून घे," ती म्हणाली. "मला यातलं काही कळत नाही रे. नुसती तिथे लपून बसले होते मी." तिने उजवा हात त्याच्यासमोर धरला. टेबलावर टेकवला नाही, मुठीत मिटला नाही. तो हवेत थरथरत राहिला. तिचे डोळे भरून आले. "मला आता ब्रश धरता येत नाही. उद्यापासून मला कुठे बसवायचं, की घरी पाठवायचं, ते तू ठरव."

मालकाने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"घरी कशाला? नवीन पोरी ब्रश चालवतील. त्यांचा रंग कुठे चुकतो ते कोण सांगणार? डोळे थोडेच थरथरतात तुझे?"

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने हाताकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

"तुला काहीच वाटलं नाही? इतकी मोठी गोष्ट सांगितली मी."

"ताई," तो म्हणाला, "तीन वर्षं सगळ्यांकडून चिक्कू म्हणवून घेतोय मी, ते काय उगाच?"