उसवलेली शिवण

चौघा मित्रांतल्या एकाने नवीकोरी बोट घेतली होती, म्हणून सगळे तिच्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने पलीकडच्या मरीनापर्यंत, म्हणजे बोटींच्या तळापर्यंत निघाले. त्यांच्यातल्या शिंप्याने लाइफ जॅकेट चढवलं, सवयीने शिवण चाचपली, तर ती काखेत चांगली वीतभर उसवलेली. त्याची पाचावर धारण बसली.

"घे माझं," म्हणत बोटवाल्याने अंगातलं जॅकेट काढून त्याला घातलं आणि उसवलेलं बाकाखाली कोंबलं. "मला काय धाड भरलीय? मी मासा आहे, मासा!"

खडकांचं टोक ओलांडलं आणि समुद्र खवळला. बोट लाटेवर चढायची आणि धाडकन खाली आपटायची. शिंपी जीव मुठीत धरून बोटवाल्याला बिलगला.

"मी पडलो तर उडी मारशील ना रे?"

"मारीन की! हे काय विचारणं झालं?"

मरीनात सगळीच सोय होती. डिझेल, बोट धुणारी माणसं, गरम जेवण, पोहायचा तलावसुद्धा. तिघे तलावात उतरले. बोटवाला मात्र काठावरच बसून राहिला.

"ये की रे, मासा ना तू?" आता शिंप्याला कंठ फुटला होता. "कमरेएवढंच तर पाणी आहे!"

 

बोटवाल्याने पाय वर घेतले. "नको रे बाबा. मला कुठं पोहता येतं!"