हर्षलदादाचा पहिला प्रोग्रॅम

दिवाळीला घरी जाताना मोटरसायकलच्या अपघातात हर्षल गेला. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला होता. कॉलेज सुटल्यावर तो पहिल्या वर्षाच्या मुलांना लॅबमध्ये बसवून प्रोग्रॅमिंग शिकवायचा. सरांना विचारायला घाबरणारी मुलं त्याला काहीही विचारायची.

त्याचं सामान न्यायला वडील चोपड्याहून आले. हॉस्टेलमधली बॅग खांद्याला लावून ते लॅबच्या दारात थांबले. मुलं सवयीने त्याच वेळेला येऊन नुसती बसली होती.

"काय शिकवायचा तो तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "फोनवर सांगायचा. मला काही कळायचं नाही."

तेजल उठली. पहिल्याच महिन्यात ती कॉलेज सोडून चालली होती, हर्षलने तिला थांबवलं होतं. "बसा ना, काका," म्हणत तिने त्यांना कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसवलं.

"दादाने पहिल्या दिवशी आम्हाला हा प्रोग्रॅम करून दाखवला होता. इथे नाव टाका."

एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी नाव टाकलं. तेजलने बटण दाबलं. पडद्यावर उमटलं, 'नमस्कार, हर्षल. घाबरू नकोस. आम्ही आहोत ना.'

काका ओठ हलवत ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"काका, आता तुमचं नाव टाकू या?" तेजलने रडू आवरत विचारलं.

त्यांनी कीबोर्डवर हात आडवा धरला.

"नको, बेटा. पुसू नको. राहू दे त्याला थोडा वेळ."